नारिंगी तारेचं पातं

आषाढात एका दुपारी शेलूबाजारच्या भाजीपाला संस्थेमागच्या बाभळीवर वीज पडली. बाभळीला काही झालं नाही. जळालं ते संस्थेचं ऑफिस आणि हर्रासाचं शेड यांना जोडणारं नेटवर्क. साडेतीनशे मीटर तांब्याची तार गेली आणि तिच्या दोन्ही टोकांची कार्डंही गेली.

शेडमध्ये रोज सकाळी भाजीचा हर्रास, अर्थात लिलाव, होतो. कोणाचे किती कट्टे, पोती म्हणा, वांगे, कोणाच्या किती जुड्या सांभार, म्हणजे कोथिंबीर, कोणाचा माल कितव्या नंबरानं पुकारायचा, ही यादी ऑफिसातल्या मशीनवर तयार होते आणि शेडमधल्या मोठ्या बोर्डावर दिसते. बोर्ड बंद म्हणजे नंबर बंद, आणि नंबर बंद म्हणजे ‘माहा माल आंधी’ यावरून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार.

अध्यक्ष उदयसिंगभाऊंनी यावर ताबडतोब उपाय काढला. नवी तार घ्यायचा विषय सभेपुढे ठेवायचं ठरवलं आणि सभा पुढं ढकलली. तोवर यादीच्या चिठ्ठ्या घेऊन ऑफिस ते शेड सीताबाईंनी धावावं. सीताबाई संस्थेत झाडू मारतात. चौदा वर्षं झाली, रोजंदारीवर. वय अठ्ठावन्न, गुडघे फक्त नावाला. पण अध्यक्षांच्या मते चालणं तब्येतीला चांगलं असतं. स्वतःच्या तब्येतीकडे मात्र बिचाऱ्यांचं दुर्लक्षच, ते ऑफिस ते शेड बुलेटवर जात.

हे सगळं रोज बघत होती सुचिता, संस्थेची कॉम्प्युटर ऑपरेटर. एकतीस वर्षांची, वाशीमला बीएस्सी झालेली, घरी दोन एकरात वांगी-मेथी. तीही रोजंदारीवरच, सहा वर्षांपासून. ऑपरेटरचं पद संस्थेच्या मंजूर यादीत नाही, कारण यादी झाली तेव्हा संस्थेत कॉम्प्युटर नव्हता, आणि यादी बदलायची तर सभा लागते. सुचिताला कायम व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं, बढती नको, खुर्ची नको. उद्या कोणाच्या भाच्याला तिच्या जागी बसवायचं मनात आलं तर ते जमू नये, एवढंच. दर दोन महिन्यांनी ती सचिव भागवतरावांना विचारी, “भाऊ, माह्या कायमचं काय झालं?”

“दसऱ्यानंतर पाहू ना,” भागवतराव म्हणत. भागवतराव वाईट माणूस नाही. फक्त कोणता दसरा ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आता गंमत बघा. ऑफिस आणि शेडमध्ये आणखी एक तार होतीच की! नारिंगी, बारीक, फायबरची, कोण्या एका योजनेत आलेली. दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी या तारेतून ऑफिसातल्या डिस्कच्या पेटीत जाऊन बसायच्या. त्याला तास लागे. उरलेले तेवीस तास तार आपली लोळत पडलेली. पण ती पडली साठवणुकीची तार. हा ठोकळा उचल, तो ठोकळा ठेव, एवढीच बोली तिला कळायची. यादी दाखव, चिठ्ठी छाप, ही नेटवर्कची बोली तिच्या गावची नव्हे.

तिच्यातूनच नेटवर्क का जाऊ नये, असा एक किडा सुचिताच्या डोक्यात वळवळायला लागला. शोधलं तर हा किडा आणखी कोणाच्या तरी डोक्यात आधी वळवळून गेला होता. साठवणुकीच्या तारेवरून नेटवर्कचा माल नेणारा एक ड्रायव्हर कोण्या भल्या माणसानं बारा-तेरा वर्षांपूर्वी लिहिला होता आणि मग वाऱ्यावर सोडून दिला होता. ड्रायव्हर म्हणजे मशीनच्या आत राहून कार्डाला कामाला लावणारा प्रोग्राम. ‘मंग त्याले लायसन लागते काय’ हा विनोद संस्थेत सगळ्यांचा करून झाला आहे, तेव्हा कृपया आपण नका करू. तो जुना ड्रायव्हर आताच्या मशीनवर चालत नव्हता. अर्धा फेकून नव्यानं लिहावा लागणार होता.

परवानगी काढायला ती अध्यक्षांकडे गेली.

“भाऊ, त्या नारिंगी तारेतून आपलं नेटवर्क नेता येते.”

“ते तं डिस्कची तार हाय ना वं?”

“हो ना. समजा, नाक्यावर फक्त मालाची गाडी सोडते, माणसाले नाही सोडत. तं मी माणसाले कट्ट्यात बसवतो, तोंड शिवतो, वर नंबर टाकतो. नाकेवाल्याले कट्टा दिसते, तो सोडते. तिकडे पोचल्यावर शिवण उसवली का माणूस भाईर.”

उदयसिंगभाऊ गंभीर झाले. त्यांनी दाराकडे पाहिलं. “आन धरलं तं?”

“माणूस नाही भाऊ, यादी. यादी पाठवाची हाय.”

“यादी असो का कोणी असो. धरलं तं संस्थेचं नाव खराब होते. तू कर, पण मले विचारलं नव्हतं असं समज.”

अशा रीतीनं भक्कम पाठिंबा मिळाल्यावर सुचिता कामाला लागली. अकरा दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ऑफिसचं मशीन असं गोठलं की बटण दाबून मारावं लागलं. सहाव्या दिवशी यादी शेडात पोचली, पण शेपूट तोडून. शेवटच्या नऊ जणांचा माल वाटेतच गडप. नवव्या दिवशी नवंच लफडं. नेटवर्क मशीनला एका पत्त्यानं ओळखतं आणि फायबर दुसऱ्याच लांबलचक पत्त्यानं. कोणता पत्ता कोणाचा हे ड्रायव्हरनं लक्षात ठेवायचं असतं. आणि हा पठ्ठ्या शेडचं मशीन बंद करून चालू केलं की सगळं विसरून जाई. सुचिता घरी जाऊन वांग्यांना पाणी देतानाही त्याच्याशी भांडत होती.

या अकरा दिवसांचा साक्षीदार एकच. चिठ्ठी पोचवून आलं की सीताबाई तिच्या खोलीत भिंतीला टेकून बसत, आणि झाडू मांडीवर घेऊन स्क्रीनकडे बघत. अकराव्या दिवशी दुपारी ऑफिसच्या मशीननं शेडच्या मशीनला हाक मारली, आणि शेडच्या मशीननं ओ दिली. पुन्हा मारली, पुन्हा ओ. सुचितानं शेडचं मशीन बंद करायला लावलं, चालू करायला लावलं, हाक मारली. ओ आली. तिनं तोंडावर हात ठेवला.

“काय झालं वं?” सीताबाईंनी विचारलं.

“तिकडलं मशीन बोलून राह्यलं, मावशी. या तारेतून.”

“मंग उद्यापासून मले धावा नाही लागत?”

“नाही.”

सीताबाईंनी तिथेच दोन्ही पाय लांब केले. “बाप्पा! मंग तं लय मोठं काम केलं तू.”

संस्थेनं या कामाची घेतलेली दखल ती एवढी. कारण दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला, नंबर पुकारले गेले, सांभार विकला गेला, आणि कोणाला काही वेगळं दिसलंच नाही. चांगल्या कामाचं हेच वाईट, ते दिसत नाही. आठ दिवसांनी अध्यक्षांच्या मात्र लक्षात आलं की जळकी तार तशीच लोंबते आहे आणि तरी सगळं चालू आहे. त्याचा अर्थ त्यांनी आपल्या परीनं लावला. धनजचे पाहुणे आले, रिठदचे आले, प्रत्येकाला ती जळकी तार दाखवून उदयसिंगभाऊ सांगत, “हे पाहा. आमी संस्था बिनतारी करून टाकली.”

“भाऊ, तार हाय,” सुचिता एकदा बोललीच. “नारिंगी.”

“ते डिस्कची. तिचा काय संबंध?”

पाहुण्यांनी अध्यक्षांसोबत फोटो काढून घेतले. नव्या तारेचा विषय सभेच्या यादीतून कटला. आणि भागवतराव अगदी मायेनं म्हणाले, “आता सारं आपोआप चालून राह्यलं, सुचिता. तुहं काम कमी झालं, नाही?” म्हणजे हिनं असं काम केलं होतं की हिचीच गरज उरली नाही!

मग नवमी आली.

नवमीला संस्थेत अवजारांची पूजा होते. वजनकाटे, हातगाडे, पंप आणि अलीकडे कॉम्प्युटर. पूजा असते अध्यक्षांच्या आई कस्तुराबाईंच्या हातची. पंच्याहत्तर वर्षांच्या, अजूनही मेथी स्वतः खुडून स्वतः हर्रासाला आणणाऱ्या. आजवर कॉम्प्युटरच्या पडद्याला कुंकू लागे. यंदा आजींनी हात आवरला. कुंकू अवजाराच्या पात्याला लावायचं असतं, म्हणाल्या, जे काम करतं त्याला. विळ्याच्या मुठीला कोणी लावतं का? याचं पातं कोणतं ते आधी सांगा.

संस्थेत हे कोणालाच सांगता येईना. सुट्टी असल्यामुळे सुचिता घरी पुरण वाटत होती. भागवतरावांनी फोन लावला.

“सुचिता, आजी इचारून राह्यली, या कॉम्प्युटरचं पातं कोणतं? म्हणजे खरं काम होते कुठून?”

सहा वर्षांत हा प्रश्न तिला कोणीही विचारला नव्हता. काम कुठून होतं! दिमाखात तिनं सांगून टाकलं, “ते नारिंगी तार हाय ना भाऊ, तिच्या टोकातून उजेड निघते, डोयाले न दिसणारा. सारं काम त्या टोकावर हाय. दोन्हीकडल्या.”

“टोक तं खुपसलेलं हाय.”

“हो, आतच असते ते,” ती म्हणाली, आणि पुरणाकडे वळली. आजी बाहेरून, तारेच्या मानेला वगैरे कुंकू लावतील असं तिला वाटलं. कस्तुराबाईंना ती ओळखत नव्हती असंच म्हणायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दोन दिवसांचा माल एकदम आलेला. आणि बोर्ड काळा ठिक्कर.

“काहून बंद हाय?” “माहा नंबर कोणता?” “तू कायले पुढं घुसून राह्यला?” सीताबाईंच्या हातात पुन्हा चिठ्ठ्या आल्या, आणि त्या पुन्हा गुडघे धरून निघाल्या. उदयसिंगभाऊ बुलेटवरून ऑफिसात आले. “हे तुह्या त्या कट्ट्यात माणसं बसवायच्या भानगडीनं झालं. मी तवाच म्हटलं होतं.” चालू होतं तोवर संस्थेचं होतं, बंद पडलं आणि एका मिनिटात सुचिताचं झालं. चला, नाव तरी लागलं!

अकराला संचालकांची सभा होती, आणि तिच्या कायमचा विषय एकदाचा यादीवर आला होता, आठव्या नंबरावर. आजच हा मेला असा दगा देतो? तासभर तिनं ड्रायव्हर उलथापालथा केला. काही सापडेना. शेवटी तिनं मशीनच्या मागे हात घालून नारिंगी तारेचं टोक उपसलं.

टोक लालभडक होतं. ओलवून, अंगठ्यानं नीट दाबून लावलेलं कुंकू. ती शेडमध्ये धावली. तिकडचंही तसंच. कस्तुराबाई अर्धवट पूजा करत नाहीत.

समोर पन्नास-साठ भाजीवाले, अध्यक्ष, सचिव, चार संचालक, आणि पहिल्या रांगेत मेथीच्या ढिगाशी बसलेल्या स्वतः कस्तुराबाई. “काय निघालं?” उदयसिंगभाऊंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. सुचिताला क्षणभर वाटलं, ड्रायव्हर बिघडला म्हणून सांगावं. खोटं झालं असतं, पण खपलं असतं. अध्यक्षांच्या आईच्या पूजेनं संस्था बंद पडली असं भर हर्रासात सांगून कोण कायम होतं? पण अकरा दिवस डोळ्यांसमोर आले आणि तिचं डोकं फिरलं.

“ड्रायव्हर चांगला हाय भाऊ. कुंकवानं बंद पडलं.”

भागवतराव जमिनीकडे बघायला लागले.

“म्हणजे देवीनं बंद पाडलं म्हणतं काय तू?” अध्यक्षांचा आवाज चढला.

“थांब रे उद्या,” कस्तुराबाई म्हणाल्या. अध्यक्षांना उद्या म्हणणारी तालुक्यात ती एकच बाई. “कुंकू म्या लावलं. इळ्यालेबी लावतो. पण दसरा झाला का फडक्यानं पुसतो आन मंगच गवताले हात घालतो. कुंकवाच्या इळ्यानं कोणी कापते काय? तुमी पुसलं काहून नाही?”

सुचितानं चष्म्याचं मऊ फडकं काढलं, स्पिरिटाचा थेंब घेतला, टोक एकाच दिशेनं पुसलं, खोचलं. ऑफिसातलं टोक पुसून आली. बोर्ड लागला. आणि शेडमध्ये टाळ्या पडल्या! तीन महिने तो बोर्ड तिच्या ड्रायव्हरवर चालत होता तेव्हा एक टाळी नव्हती. दोन मिनिटं फडकं फिरवलं तर साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. ते त्यांच्या डोळ्यांना दिसलं होतं ना.

सभा शेडच्या कोपऱ्यातच झाली. अध्यक्ष प्रसन्न होते. “पुसणं लय महत्त्वाचं हाय. दरसाल दसरा येईन. पुसणाऱ्या बाईले कायम करून टाका.”

“मंजूर पदात एकच जागा खाली हाय,” भागवतरावांनी रजिस्टर चाळलं. “सफाईगार.”

“मंग होऊन गेलं की काम! साफच तं केलं तिनं.”

“भाऊ,” सुचिता म्हणाली, “मी तो ड्रायव्हर लिवला. अकरा दिवस लिवला. पुसणं नाही माहं काम.”

“पण ते तं आपोआप चालते,” उदयसिंगभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले. “पुसणं आपोआप होत नाही. तूच सांग.”

ठराव एकमतानं मंजूर. दारात सीताबाई उभ्या होत्या. ती सफाईगाराची जागा चौदा वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढं रिकामी होती. त्यांनाही दसऱ्यानंतर पाहू असंच सांगितलेलं. त्यांनी सुचिताकडे पाहिलं, रागानं नाही, आणि झाडू घेऊन निघून गेल्या. सुचिताला त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी भागवतरावांनी ठरावाचा कागद तिच्या टेबलावर ठेवला. संस्थेचे हुकूम टाइप करायचं काम तिचंच. कागदावर लिहिलं होतं: तारेची टोके पुसणाऱ्या बाईंस सफाईगार पदावर कायम करण्यात यावे. तिनं तो दोनदा वाचला.

“भाऊ, यात नावच नाही.”

“मंग टाक ना तू.”

“कोणाचं टाकू?”

“कोणाचं म्हणजे? टोकं पुसणाऱ्या बाईचं.” भागवतराव जांभई देत होते.

“पक्कं?”

“ठराव हाय बाप्पा, पक्कं नाही तं काय!”

सुचिता उठली आणि मागच्या ओसरीवरून सीताबाईंना हाताला धरून घेऊन आली. तार उपसून त्यांच्या हातात दिली. “मावशी, टोकाकडे डोया नेजा नका. स्पिरिट घ्या. एकाच बाजूनं पुसा, मांगं-पुढं नाही. आता लावा.” सीताबाईंनी पुसलं. चौदा वर्षं फडकं धरलेला हात, तिच्यापेक्षा नीट पुसलं. मग दुसरं टोक. “पाह्यलं ना भाऊ, कोण पुसते ते?” सुचितानं भागवतरावांना विचारलं. त्यांनी पाहिलं, समजले की नाही कोण जाणे, पण मान हलवली. मान हलवण्यात त्यांचा हातखंडा.

मग तिनं हुकूम टाइप केला आणि शेडमधल्या प्रिंटरवर सोडला. नारिंगी तारेतून, अर्थातच. शेडमध्ये उदयसिंगभाऊ आणखी कोण्या पाहुण्यांना बिनतारी संस्था समजावत होते. कागद समोर आला, त्यांनी सही ठोकली. सही करताना कागद वाचणं त्यांना पाहुण्यांदेखत कमीपणाचं वाटतं.

सीताबाई हुकूम घेऊन सुचिताच्या खोलीत आल्या. त्यांना अक्षरं लागत नाहीत, पण स्वतःचं नाव ओळखता येतं. त्यांनी नावावर बोट ठेवलं. “हे माहं हाय.”

“हो मावशी. तुमी कायम झाल्या. आता कोणी काढत नाही तुमाले.”

सीताबाई खाली बसल्या. पदर डोळ्यांना लावला, बराच वेळ. मग पदर खाली घेतला आणि विचारलं, “आन तू?”

“मी रोजंदारीवर. दसऱ्यानंतर पाहू म्हणते.” ती हसायला गेली आणि तिला रडूच आलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, हमसून हमसून.

सीताबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, “पोरी, मले हे शिकव. तारीतून बोलणं कसं धाडते ते, सारं. मले कोणी काढत नाही आता. तुले उद्या काढलं तं हे चालू कोण ठेवीन? मी धावू काय पुन्हा?”

यावर चिडावं असं सुचिताला वाटलं. पण बोलण्यात कुठं खोट नव्हती. ज्या कामापायी ती कायम झाली नाही, ते काम आता कायम माणसाच्या हाती जाणार होतं. तिनं नाक पुसलं आणि दुसरी खुर्ची स्क्रीनसमोर ओढली.

“बसा,” ती म्हणाली. “आंधी अक्षरं लागतीन.”

“शिकव ना मंग,” सीताबाई म्हणाल्या. “कुठं जायचं हाय मले.”